शून्य बाइटचा माणूस

हायकू नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर लोकांचे पत्ते ठेवायची एक देखणी सोय आहे. 'पीपल' नावाचा छोटासा प्रोग्रॅम उघडायचा, नाव, फोन, ईमेल, गाव लिहायचं आणि सेव्ह करायचं. एका माणसाची एक फाइल. फोल्डर उघडलं की नाव, फोन, शहर असे रकाने समोर येतात आणि वेगळा कुठलाही प्रोग्रॅम न उघडता फक्त पुण्याची माणसं शोधून काढता येतात. आता हे फोल्डर बाजारातून आणलेल्या साध्या पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि तिथून दुसऱ्या संगणकावर उतरवा. सगळी नावं जागच्या जागी दिसतील. उघडून पाहा: फोन नाही, पत्ता नाही, ईमेल नाही. फाइलचा आकार पाहावा तर शून्य बाइट.

पेनड्राइव्ह खराब निघाली, असंच कोणालाही वाटेल. पण ती फाइल कॉपी करण्यापूर्वीही शून्य बाइटचीच होती.

हे कोडं उलगडायचं तर कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमधल्या 'बी' नावाच्या कंपनीत जावं लागतं. ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये ती काढली. त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे बीओएस. तिच्या पहिल्या आवृत्त्यांत फाइली एकीकडे आणि त्यांची माहिती सांभाळणारा डेटाबेस दुसरीकडे, अशी व्यवस्था होती. कल्पना फार पुढची होती. पहिली अडचण अशी की या दोघांचा ताळमेळ सुटायचा. फाइल पुसली जायची, डेटाबेसमधली नोंद राहायची. दुसरी अडचण आजच्या विषयाच्या थेट गाभ्यातली आहे. बीओएस ॲपलच्या पॉवर मॅकवर चालू लागली, तेव्हा ती वापरणाऱ्यांच्या मॅकच्या डिस्का तिला दिसणं भाग होतं. पण सगळी जुनी व्यवस्था एकाच फाइल सिस्टिमभोवती इतकी घट्ट विणलेली होती की परक्या फाइल सिस्टिमला आत शिरायला दारच नव्हतं.

सप्टेंबर १९९६ मध्ये डॉमिनिक जिआम्पाओलो आणि सिरिल म्यूरिलॉं या दोघांनी हे काम हातात घेतलं. म्यूरिलॉंने कर्नल आणि फाइल सिस्टिम यांच्यामधला थर बांधला. तो थर झाल्यावर मॅकची, डॉसची, कोणाचीही फाइल सिस्टिम एका ठरलेल्या सांध्यावर बसवता येऊ लागली. जिआम्पाओलोने स्वतः फाइल सिस्टिम लिहिली. तीच बीएफएस. दहा महिन्यांत काम उभं राहिलं. चौसष्ट बिटांची, जर्नल ठेवणारी, अचानक वीज गेली तरी सावरणारी अशी ती होती. ज्या काळात घरोघरी विंडोज ९५ वर मशीन बंद पडलं की स्कॅनडिस्क चालायची, त्या काळातलं हे काम आहे. दोन माणसं आणि दहा महिने, हे आजही वाचताना थक्क व्हायला होतं.

बीएफएसचा खरा दागिना मात्र तिचे ॲट्रिब्यूट. वहीच्या पानावर मजकूर असतो आणि समासात आपण आपल्या नोंदी करतो. बीएफएसने प्रत्येक फाइलला असा हवा तेवढा मोठा समास दिला. ईमेल आली की ती एक साधी फाइल होते आणि पाठवणारा, विषय, तारीख, वाचली की नाही हे सगळं समासात जातं. गाण्याच्या फाइलला गायक आणि अल्बम समासात. आणि 'पीपल'च्या फाइलीत तर पान कोरंच! माणूस पुरता समासात राहतो, म्हणून आकार शून्य बाइट.

आता पलीकडे पेनड्राइव्हवर काय असतं ते बघू. तिच्यावर बहुतेक वेळा फॅट असते. या फॅटचं मूळ १९७७ मधलं. मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडॉनल्ड यांनी ती फ्लॉपीसाठी रचली. पेनड्राइव्हवरच्या फॅटमध्ये प्रत्येक फाइलची नोंद फक्त ३२ बाइटांची: आठ अधिक तीन अक्षरांचं नाव, तारीख, वेळ, आकार, मजकूर कुठून सुरू होतो तो आकडा आणि आणखी थोड्या खुणा. लांब नावांसाठी पुढे तिला ठिगळं लावली गेली, पण समास तिला कधीच मिळाला नाही. हायकू इमानाने पान कॉपी करते, समास ठेवायला पलीकडे जागा नसते. कोऱ्या पानाची कोरी प्रत तयार होते.

म्हणून या सिस्टिमच्या जुन्या जाणत्यांकडून नव्या माणसाला मिळणारा पहिला धडा ठरलेला आहे: बाहेरच्या ड्राइव्हवर न्यायचं असेल तर आधी झिप कर. हायकूवरचं झिप ॲट्रिब्यूटही पोटात घेतं. पेनड्राइव्हच्या दृष्टीने ती एक साधी झिप फाइल, पण परत हायकूवर उघडली की माणसं त्यांच्या फोन-पत्त्यांसकट बाहेर येतात.

ईमेलच्या फाइलींचं दुखणं आणखी वेगळं. बीएफएसला फाइलच्या नावात तिरपी रेघ सोडून जवळपास काहीही चालतं. फॅटला अपूर्णविराम चालत नाही, प्रश्नचिन्ह चालत नाही, तारका चालत नाही. ज्या फाइलीचं नावच पत्राच्या विषयावरून पडलं आणि ज्या विषयात प्रश्नचिन्ह आहे, ती फाइल त्याच नावाने पेनड्राइव्हवर जाऊच शकत नाही. हजार पत्रांची कॉपी लावून माणूस चहाला जातो आणि परत येतो तेव्हा कॉपी तिसऱ्याच पत्रावर उत्तर मागत थांबलेली असते.

समास हरवण्याच्या प्रश्नावर मॅकने वेगळी तोड काढली. मॅकच्या फाइलींनाही समास असतो. तो फॅटवर टिकावा म्हणून मॅक प्रत्येक फाइलीशेजारी टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी दुसरी छोटी फाइल लिहून ठेवतो. मॅकवर ती दिसत नाही, बाकी सगळीकडे दिसते. मॅकवरून गाणी भरलेली पेनड्राइव्ह गाडीच्या स्टिरिओला लावली की प्रत्येक गाण्याच्या जोडीला एक न वाजणारं गाणं यादीत येतं, त्याचं कारण हे. मला स्वतःला मॅकचा मार्ग जास्त पटतो. पसारा होतो, पण काही हरवत नाही.

बीओएसची पुढची गोष्ट दुःखाची आहे. १९९६ च्या शेवटी ॲपलने नव्या सिस्टिमसाठी बी ऐवजी नेक्स्ट कंपनीची निवड केली. २००० मध्ये बीने एक धाडसी युक्ती केली. 'पर्सनल एडिशन' नावाने सिस्टिम फुकट वाटली आणि तीही अशी, की वेगळं पार्टिशन करायची गरजच नाही. विंडोजच्या डिस्कवर ५१२ एमबीची एक फाइल, त्या फाइलीच्या पोटात अख्खी बीएफएस आणि तिच्यात अख्खी बीओएस. परक्या फाइल सिस्टिमच्या अडचणीवर काढलेला इतका मोकळा तोडगा मी दुसरा पाहिलेला नाही. तरी कंपनी टिकली नाही. २००१ मध्ये तिची मालमत्ता १ कोटी १० लाख डॉलरना पाम कंपनीकडे गेली आणि सोर्स कोड कुलपात बंद झाला.

त्याच वर्षी काही चाहत्यांनी ही सिस्टिम पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतली. आधी तिचं नाव ओपनबीओएस होतं, २००४ पासून हायकू. लोकांच्या डिस्का बीएफएसमध्ये भरलेल्या होत्या, त्या वाचता आल्याशिवाय नव्या सिस्टिमला अर्थ नव्हता. सोर्स कोड नव्हता, पण एक पुस्तक होतं. जिआम्पाओलोने १९९९ मध्ये बीएफएसच्या रचनेवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं: डिस्कवर काय कुठे बसतं, जर्नल कसं चालतं, कुठला निर्णय का घेतला. कंपनी बुडाली, कोड गेला, पुस्तक राहिलं. आक्सेल ड्योर्फलरने नव्याने लिहिलेली बीएफएस जुन्या बीओएसच्या डिस्का वाचते आणि त्यांवर लिहिते. आपल्या कामाची रचना मोकळेपणाने लिहून ठेवणाऱ्या अभियंत्याचे उपकार किती लांब पोचतात, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हायकूची एक गोष्ट मला मनापासून आवडते. बीएफएस नसलेली ड्राइव्ह जोडली की अनेक वर्षं ती एक खिडकी दाखवत आली. आशय असा: या ड्राइव्हवर बी फाइल सिस्टिम नाही, हायकूमधल्या चुकांमुळे तुमचा डेटा जाऊ नये म्हणून ती फक्त वाचण्यापुरती जोडावी. 'हायकूमधल्या चुकांमुळे' हे शब्द त्या खिडकीत होते. आपल्या सिस्टिममध्ये दोष असू शकतात आणि त्याची किंमत तुमच्या लग्नाच्या फोटोंना मोजावी लागू नये, असं तोंडावर सांगणारी सिस्टिम विरळाच.

ती सावधगिरी पोकळ नव्हती. हायकूचा फॅट ड्रायव्हर बराच काळ बी कंपनीच्याच घरातला होता. कंपनी चालू असताना तिने विकसकांना नमुना म्हणून दिलेला कोड, त्यावर वर्षानुवर्षं डागडुजी. २०२४ च्या सप्टेंबरात आलेल्या पाचव्या बीटामध्ये तो काढून त्याच्या जागी फ्रीबीएसडीच्या कोडवर आधारलेला नवा ड्रायव्हर बसवण्यात आला. विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टिमसाठी लिनक्स जगातल्या एनटीएफएस-३जीचा कोड घेतला. एक्सएफएससारख्या फाइल सिस्टिमच्या कामात 'समर ऑफ कोड' उपक्रमाच्या निमित्ताने भारतीय विद्यार्थ्यांनीही हातभार लावला आहे. लहान सिस्टिमचं हे असंच चालतं. तिला सगळ्यांच्या फाइल सिस्टिम शिकाव्या लागतात. तिची शिकायला मोठ्यांपैकी फारसं कोणी येत नाही. लिनक्समध्ये बीएफएसचा ड्रायव्हर आहे, तोही फक्त वाचण्यापुरता.

आता मोठ्यांच्या पडद्यामागे डोकावू, कारण लहानांची अर्धी डोकेदुखी तिथे जन्मली.

विंडोजवर ३२ जीबीहून मोठी पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करायला जा, तो पर्यायच यायचा नाही. फॅट-३२ ला याहून कितीतरी मोठी डिस्क चालते आणि दुसरीकडे फॉरमॅट करून आणली तर विंडोज ती मुकाट वापरतो. मग ही मर्यादा कुठली? मायक्रोसॉफ्टमध्ये काम केलेल्या डेव्ह प्लमर यांनी २०२४ मध्ये ती हकिगत जाहीर सांगितली. १९९४ च्या अखेरीस एका पावसाळी गुरुवारी सकाळी ते विंडोज ९५ च्या पडद्यावरचे भाग विंडोज एनटीमध्ये आणत होते. फॉरमॅटची खिडकी हवी होती. त्यांनी कागदावर पर्याय लिहून काढले, एकाखाली एक मांडले आणि चांगलं काही होईपर्यंत चालेल म्हणून ठेवून दिले. क्लस्टरमध्ये वाया जाणारी जागा किती सोसायची याचा विचार करताना ३२ जीबीचा आकडाही त्याच सकाळी ठरला. ती खिडकी तीस वर्षं तशीच राहिली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत कमांड लाइनवरून ही मर्यादा २ टीबीपर्यंत वाढवल्याचं जाहीर केलं.

दुसरी मर्यादा रचनेतलीच आहे. फॅट-३२ मध्ये फाइलचा आकार ३२ बिटांत लिहितात, म्हणून एक फाइल ४ जीबीपर्यंत पोचूच शकत नाही. लग्नाचा पूर्ण व्हिडिओ एका फाइलीत घेऊन आलेल्या कितीतरी घरांना ही भिंत ठाऊक आहे. तिच्यावर उतारा म्हणून मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये एक्सफॅट आणली. २००९ मध्ये ३२ जीबीहून मोठ्या मेमरी कार्डांच्या एसडीएक्ससी मानकाने तीच स्वीकारली. झालं! कॅमेऱ्याचं मोठं कार्ड घेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात अशी फाइल सिस्टिम आली, जिच्यावर पेटंट होती आणि जिचं तपशीलवार वर्णन खुलं नव्हतं. लहान सिस्टिम लिहिणाऱ्या हौशी माणसांनी परवाना घ्यायचा कुठून? हायकूचा स्वतःचा एक्सफॅट ड्रायव्हर सुरुवातीला फक्त वाचू शकत होता.

त्या काळची भीती खरी होती. फेब्रुवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने रस्ता दाखवणारी उपकरणं बनवणाऱ्या टॉमटॉमवर दावा लावला. त्यातली काही पेटंट फॅटच्या लांब नावांसंबंधी होती. पुढच्याच महिन्यात तडजोड झाली. यानंतर सांबा या प्रोग्रॅमचे कर्ते अँड्र्यू ट्रिजेल यांनी लिनक्ससाठी एक विलक्षण पॅच लिहिला. पेटंटचा रोख एकाच फाइलीला लांब आणि आखूड अशी दोन्ही नावं देण्यावर होता. ट्रिजेल यांनी लांब नाव खरं ठेवलं आणि आखूड नावाच्या अकरा बाइटांत असं काही भरलं की ते नाव म्हणून वैधच ठरू नये. मग लक्षात आलं की एका फोल्डरमध्ये दोन फाइलींचे हे अकरा बाइट सारखे आले तर विंडोज एक्सपी कोसळू शकतो. म्हणून त्या निरर्थक बाइटांतही यादृच्छिकपणा आणावा लागला. वकिलांचा मुद्दा आणि दुसऱ्याच्या सिस्टिममधला दोष, दोन्ही सांभाळत लिहिलेला हा कोड आहे.

एक्सफॅटचं कुलूप उघडलं तेही आडवाटेने. २०१३ मध्ये सॅमसंगच्या एका उपकरणातला एक्सफॅट ड्रायव्हरचा कोड गिटहबवर फुटला. तपासात त्यात जीपीएल या खुल्या परवान्याचा कोड आढळला. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने मध्ये पडून बोलणी केली आणि त्याच ऑगस्टमध्ये सॅमसंगने तो रीतसर जीपीएलखाली खुला केला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचं तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केलं आणि लिनक्समधल्या समावेशाला पाठिंबा दिला. २०२० पासून लिनक्समध्ये जो एक्सफॅट ड्रायव्हर आहे, तो सॅमसंगच्याच अभियंत्यांनी सुधारून दिलेला. वर्णन खुलं व्हायलाच तेरा वर्षं लागली. ही तेरा वर्षं तंत्रामुळे गेली नाहीत, मालकीमुळे गेली, आणि त्याचा राग मला आजही आहे. लोकांचे फोटो ज्यावर उतरतात त्या रचनेचं वर्णन पहिल्या दिवसापासून खुलं असायला हवं होतं.

एनटीएफएसच्या ड्राइव्हचा घोळ वेगळा. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. 'शट डाउन' दाबलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतो आणि जोडलेल्या एनटीएफएस ड्राइव्हची काही माहिती त्याच्या झोपेत अडकून राहते. ती ड्राइव्ह लिनक्सला किंवा हायकूला लावली की एनटीएफएस-३जी लिहायला नकार देतो. वापरणाऱ्याला वाटतं, ही सिस्टिम कमअस्सल. खरं तर तो नकार तुमचा डेटा वाचवत असतो. विंडोजमध्ये 'रीस्टार्ट' केलं किंवा फास्ट स्टार्टअप बंद केलं की ड्राइव्ह मोकळी होते.

आपल्याकडे दोन गोष्टी खास जाणवतात. पहिली वेळेची. फॅट फाइलीची वेळ स्थानिक घड्याळाप्रमाणे लिहिते, पण घड्याळ कुठल्या देशाचं ते लिहीत नाही. जी सिस्टिम तो आकडा ग्रीनिचचा समजते, तिच्यावर कोल्हापुरात सकाळी नऊला घेतलेला फोटो दुपारी अडीचचा दिसतो. बॅकअपचा प्रोग्रॅम वेळा ताडून पाहतो आणि सगळ्याच फाइली बदलल्या असं समजून पुन्हा कॉपी करत बसतो.

दुसरी गोष्ट खास मराठीची. 'वऱ्हाडाचे फोटो' असं फोल्डर करा. यातला 'ऱ' युनिकोडमध्ये एकच अक्षर म्हणून लिहिता येतो किंवा 'र' आणि खाली नुक्ता असा दोन तुकड्यांतही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं फोडून ठेवायची, त्यामुळे तिथे 'ऱ'चे दोन तुकडे होत. अशा मॅकवर झिप केलेलं फोल्डर लिनक्सवर किंवा हायकूवर उघडलं आणि तिथे त्याच नावाचं फोल्डर आधीपासून असलं, तर शेजारी शेजारी दोन 'वऱ्हाडाचे फोटो' उभे राहतात. डोळ्यांना एकच नाव, फाइल सिस्टिमला दोन. 'तऱ्हा', 'फेऱ्या', 'सातारच्या डोंगरदऱ्या', कुठेही 'ऱ' आला की हा प्रसंग येऊ शकतो. ॲपलने २०१७ मध्ये एपीएफएस ही नवी फाइल सिस्टिम आणली. २०१६ मध्ये ती जगापुढे मांडणाऱ्यांत बीएफएसचे जिआम्पाओलो होते. मधल्या काळात ते ॲपलमध्ये जाऊन स्पॉटलाइटवर काम करत होते. मॅकवरची एपीएफएस नाव दिलं तसं ठेवते आणि दोन्ही रूपं एकच मानते.

आता सगळ्यांत धोक्याची जागा. बीएफएसची ड्राइव्ह विंडोजला लावली तर विंडोज तिला ओळखत नाही आणि 'वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल' अशी खिडकी उघडतो. मॅक 'ही डिस्क वाचता येत नाही' म्हणतो आणि 'इनिशियलाइझ' हा पर्याय पुढे करतो. दोन्ही ठिकाणी ड्राइव्ह ठणठणीत असते, आतलं सगळं शाबूत असतं. पण त्या खिडकीसमोर बसलेल्या भावाने, मुलीने किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याने सरळ मनाने 'फॉरमॅट' दाबलं की खेळ संपला. माहिती जाण्याचा हा प्रकार कुठल्याही ड्रायव्हरमधल्या चुकीपेक्षा मला जास्त भयंकर वाटतो.

तेव्हा तुम्ही हायकू, लिनक्स, फ्रीबीएसडी, काहीही वेगळं वापरत असाल तर एवढं करा. चार सिस्टिममध्ये फिरणाऱ्या ड्राइव्हवर फॅट-३२ किंवा एक्सफॅटच ठेवा. मूळ प्रत आपल्या फाइल सिस्टिमवर राहू द्या, बाहेर नेताना झिप करा. ड्राइव्ह 'इजेक्ट' केल्याशिवाय ओढू नका. आणि घरात एकापेक्षा जास्त लोक संगणक वापरत असतील, तर मूळ प्रत असलेल्या ड्राइव्हवर आजच एक चिठ्ठी चिकटवा: फाइल सिस्टिमचं नाव आणि खाली ठळक अक्षरांत 'फॉरमॅट विचारलं तर नाही म्हणा'.